पेल्याच्या पायावरचा बैल

रविवार, ११ जानेवारी

बायकोचं, ईशिताचं, म्हणणं, मी जेवताना जे बोलतो ते ऐकून तिला अन्न पचत नाही. म्हणून ही डायरी आणून दिली. म्हणाली, "अंशू, जे काय संशय असतील ते इथे लिही. मी घरी आले की ऑफ ड्यूटी असते." ती लेस्टरला हॉस्पिटलात नर्स आहे. मी एका इन्शुरन्स कंपनीत खोटे क्लेम हुडकतो. संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि तो संध्याकाळी कोटाबरोबर खुंटीला टांगता येत नाही, हे तिला पटत नाही.

तर श्रीगणेशा. आज आमच्या गावच्या चर्चमध्ये फोटो काढायला गेलो होतो. ऑल्डरबी हे गाव एवढंसं, पण चर्च आठशे वर्षांचं. तिथे तितकाच जुना एक चांदीचा पेला आहे. प्रार्थनेनंतर सगळ्यांना वाइनचा घोट देतात तो. वापरतात फक्त नाताळ आणि ईस्टरला, एरवी मागच्या खोलीतल्या तिजोरीत. त्यावर पुस्तिका काढायची आहे आणि ईस्टरनंतर विद्यापीठातल्या बाई येऊन तो तपासणार आहेत. माझा कॅमेरा बरा आहे हे शेजारच्या हिलरीला कळलं आणि मी सापडलो. हिलरी म्हणजे चर्चची वॉर्डन, आपल्याकडच्या देवळाच्या विश्वस्तासारखी. निवृत्त शाळामास्तरीण.

पेला हातात घेतला आणि खरं सांगतो, मी खुळावलो. पायावर चार गोल चकत्या रिव्हेटनं बसवलेल्या. त्यांत बैल, सिंह, गरुड आणि पंखांचा माणूस, येशूची गोष्ट लिहिणाऱ्या चौघांची चिन्हं. चित्रं चांदीत नुसती कोरलेली नाहीत. कोरलेल्या रेघांत चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांची काळी पूड भरायची, ती वितळवायची, मग घासून सपाट करायची. निएलो म्हणतात याला. बैलाच्या मानेवरची एकेक वळी काळ्या रेघेनं काढलेली आहे. इतकं जुनं निएलो फार थोडं शिल्लक आहे, आणि त्या काळ्या रेघांसाठीच विद्यापीठातल्या बाई येणार आहेत.

घरी येऊन लॅपटॉपवर आईला फोटो दाखवले. आई नोव्हेंबरात साताऱ्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आली आहे. तिनं चष्मा पुसून नीट बघितलं. "बैल, सिंह, गरुड. सगळे आपलेच की रे. हा चौथा कोण?"

"मॅथ्यू."

"आणि एवढा काळा मळ का ठेवलाय? देवाचं भांडं ना ते?"

"जुनं आहे ते, आई. तुला नाही कळायचं," म्हणालो आणि फोटो हिलरीला पाठवायला बसलो.

मंगळवार, २० जानेवारी

आई दिवसभर घरी एकटी काय करणार, हा प्रश्न सुटला. हिलरी तिला दर मंगळवारी चर्चमध्ये घेऊन जाते. चार-पाच म्हाताऱ्या तिथे पितळेच्या समया, म्हणजे मेणबत्तीचे दांडे, घासतात. आईचं इंग्रजी 'थँक्यू' आणि 'नो शुगर' एवढंच, पण घासायला भाषा लागत नाही. आज आली ती गालात हसतच. "तुझ्या त्या हिलरीला घासताच येत नाही," म्हणाली.

दुसरी गोष्ट, आणि ही लिहून ठेवण्यासारखी. तिथे हरीश नावाचा एक गृहस्थ असतो. गुजराती सोनार, लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दुकान होतं, ते आता मुलाकडे. वय पासष्टीच्या आसपास. पेल्याचा दांडा खालून ढिला झाला आहे, तो बसवून देतो. बिजागऱ्या, कुलपं, सगळं बघतो. तिजोरीची एक किल्ली त्याच्याकडे असते. पैसे घेत नाही.

मी हिलरीला विचारलं, फुकट का? ती म्हणाली, त्याचे आईवडील युगांडातून हाकलले गेले तेव्हा हे कुटुंब पहिला हिवाळा याच चर्चच्या हॉलमध्ये राहिलं होतं. तेव्हा हरीश लहान होता. ते तो विसरलेला नाही.

छान गोष्ट आहे. आमच्या धंद्यातला माझा अनुभव असा की गोष्ट जितकी गोड, तितका क्लेम तपासून घ्यावा.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मागच्या शनिवारी बेलग्रेव्ह रोडवरून चिंचेचं मोठं पाकीट आणलं होतं. आज आई म्हणते संपली, अजून आण. आमटीत मात्र आमसूल. मी म्हटलं, घरात चिंच खातं कोण? ईशिता म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस, माझी तशी काही न्यूज नाहीये." आई हसली आणि विषय बदलला. किरकोळ गोष्ट, पण मी नोंद करून ठेवतो. सवय.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. साबुदाण्याची खिचडी. आई आल्यापासून इतकी प्रसन्न मी तिला पाहिली नव्हती. "या खेपेला परदेशात राहूनही शंकराची सेवा झाली," म्हणाली. झाली असेल. देव्हारा एवढासा आहे आमचा, फ्रिजवर.

शनिवार, २८ फेब्रुवारी

क्रमानं लिहितो.

छपाईवाल्याला बैलाचा फोटो आणखी मोठा हवा होता. सकाळी हिलरीनं तिजोरी उघडून दिली. मी कॅमेरा लावला, आणि बैल आंधळा. डोळा नाही, मानेवरच्या वळ्या नाहीत. रेघा आहेत, पण त्यांतलं काळं गेलेलं. चांदी मात्र अशी लखलखतेय की कालच घडवली असावी. बाकीचे तिघे जसेच्या तसे काळेभोर.

घरी येऊन जानेवारीतला फोटो शेजारी ठेवला. तोच बैल, पण तो नव्हेच. मी हिलरीला काही बोललो नाही. पहिला नियम, कोणालाही सावध करू नये.

पेला मध्यंतरी कोणाच्या हातात होता? हरीशच्या. दांडा बसवायला त्यानं तो फेब्रुवारीत दोनदा बाहेर काढला. चकत्या रिव्हेटनं बसवलेल्या आहेत, म्हणजे एकेक काढता येते. मुरलेल्या सोनाराला तशी दुसरी कोरून बसवणं अवघड नाही. निएलो भरणं मात्र आता कोणाला जमत नसणार. म्हणून रेघा रिकाम्या. अस्सल चकती गेली कुठे, हा पुढचा प्रश्न.

ईशिताला एवढंच सांगितलं की चर्चमध्ये एक केस आहे. ती म्हणाली, "चर्चमध्येसुद्धा?" नाव सांगितलं नाही. आईसमोर तर अवाक्षर नाही. तिचा आणि हरीशचा दर मंगळवारी संबंध येतो, ती भोळी आहे, बोलून जायची.

मंगळवार, ३ मार्च

रजा टाकली आणि फिल्टर कॉफीचा डबा घेऊन चर्चमध्ये गेलो, म्हाताऱ्यांना कॉफी पाजायचं निमित्त. हरीश होता. मला बघून हात पुसले, नमस्कार केला. मी सहज विचारावं तसं विचारलं, "हल्ली असं कोरीव काम करणारं कोणी राहिलंय का हो?"

"कोण करणार, भाई? माझे वडील करायचे. मला थोडं येतं."

बघा, स्वतःच्या तोंडानं.

आई एका कोपऱ्यात स्टीलच्या वाडग्यात काहीतरी कालवून समई घासत होती आणि त्या बायका भोवती उभ्या राहून बघत होत्या. हिलरी म्हणाली, तुझ्या आईनं आमचं ब्रासो पॉलिश हद्दपार केलं. मला बरं वाटलं. पण माझं लक्ष सारं हरीशच्या बॅगेकडे होतं. चामड्याची, जुनी, दोन कुलपांची. बिजागऱ्या नीट करायला आलेल्या माणसाला कुलपाची बॅग कशाला?

परतताना आई म्हणाली, "हरीशभाई चांगला माणूस आहे. मला मासी म्हणतो, त्यांच्यात मावशीला म्हणतात तसं." मी म्हटलं, "चांगली माणसं अशीच असतात, आई." तिला टोमणा कळला नाही.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. मागच्या अंगणात गुढी उभारली. साखरेची गाठी लेस्टरमध्ये मिळाली नाही, आईनं घरीच केली. तांब्या असा चमकत होता की कुंपणापलीकडून हिलरीनं विचारलं, नवीन का? आई म्हणाली, "चिंच आणि मीठ. काळं धरलेलं सगळं निघतं." मी हिलरीला त्याचं भाषांतर करून सांगितलं. आजपासून देवीचं नवरात्र, म्हणून आईचे उपास. नको म्हटलं तरी ऐकत नाही.

माझं मन मात्र तिकडे.

शनिवार, २१ मार्च

सिंह गेला.

आयाळ नाही, पंजे नाहीत, नुसत्या पांढऱ्या रेघा. पुस्तिकेच्या मागच्या कव्हराला फोटो हवा म्हणून तिजोरी उघडायला लावली आणि बघितलं. आता मात्र हिलरीला सांगावंच लागलं. दोन्ही वेळचे फोटो समोर ठेवले. ती खुर्चीवर बसली. फोटो पुन्हा पुन्हा शेजारी धरून बघितले. मग म्हणाली, "हरीश नाही. अंशुमन, हरीश कधीच नाही."

मी म्हणालो, मला कोणाचं नाव घ्यायचं नाही. फक्त किल्ली कोणाकडे आहे आणि हत्यारं कोणाकडे आहेत एवढंच बघा. तिनं बघितलं. मी बाहेर पडलो तेव्हा ती खिडकीशी उभी राहून डोळे टिपत होती. वाईट वाटलं, पण सत्य कोणाच्या सोयीनं येत नाही.

बुधवार, २५ मार्च

हिलरीनं हरीशला किल्ली परत मागितली आणि तूर्त येऊ नकोस म्हणून सांगितलं. काल तो किल्ली द्यायला आला. हिलरी म्हणाली, तो वाद घालेल, रागावेल, याची तिनं तयारी ठेवली होती. त्यानं काही विचारलं नाही. किल्ली टेबलावर ठेवली, मागच्या खोलीत आपली हत्यारं उचलायला गेला, तिथे बराच वेळ होता, आणि मान खाली घालून निघून गेला.

निर्दोष माणूस कारण विचारतो. हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे.

आईला बरं नाही. कालपासून बोलत नाही. बोटाला चिकटपट्टी आहे, सेफ्टीपिन लागली म्हणते. परवा रामनवमी, पण सुंठवड्याचं नावही काढलं नाही. इथली थंडी बाधली असावी. ईशिताला म्हटलं, तिचं बीपी बघ.

शनिवार, २८ मार्च

गरुडही गेला. म्हणजे मंगळवारीच, किल्ली द्यायला आला तेव्हा. जाता जाता. काय छाती असेल! उरला आहे तो एकटा माणूस.

दुपारभर रिपोर्ट लिहिला. फोटो, तारखा, कोण कुठे होतं. हरीशचं नाव एकदाच घातलं, पण अशा जागी की वाचणाऱ्याला दुसरं नाव सुचू नये. हे मला चांगलं जमतं. हिलरीला आणि चर्चच्या वरच्या अधिकाऱ्यांना पाठवला. सोमवारी संध्याकाळी कमिटीची बैठक, त्यानंतर पोलीस. काम चोख झालं. तरी जेवण गेलं नाही.

रविवार, २९ मार्च

कसं लिहू कळत नाही. झालं तसं लिहितो.

रात्री जेवायला बसलो. ईशितानं विचारलं, तुझ्या केसचं काय झालं? आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी सांगितलं की पेल्यावरच्या चकत्या बदलल्या आहेत, उद्या हरीशचं नाव पोलिसांत जाणार.

आईनं हातातला घास ताटात परत ठेवला.

"कोणाचं नाव?"

"हरीशभाईंचं. तुझ्या त्या चांगल्या माणसाचं."

"अरे, त्यानं काही नाही केलं. ते मी केलंय."

मला वाटलं ती त्याला पाठीशी घालते आहे. मी म्हणालो, "आई, तुला माहीत नाही. कधी? कशानं?" तिनं सांगितलं. आधी बैल, शिवरात्रीच्या आधीच्या मंगळवारी, कारण नंदी काळवंडलेला बघवेना. मग सिंह, देवीच्या नवरात्रासाठी. मग रामनवमी येते म्हणून गरुड. चिंचेचा कोळ, मीठ आणि खाचांतला मळ काढायला सेफ्टीपिन. आत नुसता भुगा होता, लगेच सुटून यायचा. समया काढायला उघडलेली तिजोरी तशीच ठेवून हिलरी चहा करायला जायची तेवढ्यात.

"मी म्हटलं, एवढ्या मोठ्या देवळात देवाची भांडी कोणी नीट घासत नाही. आपण आहोत तर करू."

"आणि माणूस? माणूस का सोडला?"

"सोडला नव्हता रे. हरीशभाई आला. मंगळवारी, किल्ली द्यायला. मी गरुड करत होते. माझा हात धरला त्यानं. म्हणाला, मासी, ये मैल नहीं है, ये तो काम है। किसी ने भरा है। मग मला कळलं मी काय करून बसले. मी हात जोडले त्याच्यापुढे. म्हटलं, माझ्या मुलाला एवढं कळू देऊ नको."

"मला का नाही? मला का नाही सांगायचं?" माझा आवाज चढला होता. ईशितानं माझ्या हातावर हात ठेवला.

आई माझ्याकडे बघत नव्हती. "तू विचारायला लागलास की भीती वाटते, अंशू. घरात चिंच कोणी खाल्ली ते विचारलंस तरी वाटते. तुझ्या बाबांची नव्हती वाटली कधी."

मग अगदी हळू: "आणि मी तुला विचारलं होतं. एवढं काळं का ठेवलंय म्हणून. त्या दिवशी, लॅपटॉपवर."

मी ही डायरी पहिल्या पानापासून वाचून काढली आत्ता. चिंच आहे. शिवरात्र आहे. तांब्या आहे, आणि त्याचं भाषांतर मीच केलं आहे. चिकटपट्टीसुद्धा आहे. सगळं माझ्याच अक्षरात. मी फक्त सोनाराच्या बॅगेकडे बघत बसलो.

सोमवार, ३० मार्च

कमिटीत आई स्वतः आली. येऊ नको म्हटलं तर म्हणाली, केलंय मी, बोलायला तू का? नऊवारी नाही, पण ठेवणीतली इरकली नेसली होती. ती मराठीत बोलत होती आणि मी इंग्रजीत सांगत होतो. "मी मळ समजले. माझी चूक आहे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शिकवलं नव्हतं. त्या माणसाचा काही संबंध नाही." शेवटचं वाक्य तिनं दोनदा म्हटलं आणि मला दोनदा सांगायला लावलं.

कोणी ओरडलं नाही. एक गृहस्थ आठशे वर्षं, आठशे वर्षं असं पुटपुटत राहिले. हिलरी उठून आईच्या शेजारी बसली. माझ्याशी मात्र ती बोलली नाही.

तिथून मी हरीशच्या घरी गेलो. त्यानं दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही. मी माफी मागितली. रिपोर्ट मागे घेतल्याचं, वरच्या अधिकाऱ्यांनाही तसं लिहिल्याचं सांगितलं.

"मासी कशा आहेत?" त्यानं विचारलं.

"बऱ्या आहेत. तुम्ही बोलला का नाहीत? तुमचं नाव जात होतं."

"त्यांना वचन दिलं होतं." मग म्हणाला, "तुम्ही विचारलं असतंत तरी मी सांगितलं नसतं. पण तुम्ही विचारलंच नाहीत, भाई. हिलरीला सांगितलंत, वर रिपोर्ट पाठवलात, मला मात्र एक शब्द नाही. ज्या हॉलमध्ये मी लहानपणी झोपलो, तिथली किल्ली माझ्याकडून काढून घेतलीत." आवाज चढवला नाही. दार मात्र लावून घेतलं.

कान सोनारानंच टोचावेत म्हणतात. टोचले. मी गाडीत बसून रडलो, हे इथे लिहितो कारण दुसरीकडे कुठे लिहिणार.

रविवार, ५ एप्रिल

ईस्टर. जाऊ की नको असं चाललं होतं. आई म्हणाली, तोंड लपवायला आपण चोरी केली नाही. माझ्याबद्दल ती काही बोलली नाही.

कडेच्या बाकावर बसलो. हरीश आला नव्हता. हिलरीनं त्याला किल्ली परत पाठवली होती, त्यानं ती घेतली नाही, एवढंच कळलं. विद्यापीठातल्या बाई तरीही येणार आहेत, उरलेल्या एका चकतीसाठी.

पेला बाहेर आला. लोक एकेक करून पुढे जात होते आणि तो फिरत होता. आमच्या बाजूनं फिरला की बैल दिसायचा, मग सिंह, मग गरुड, तिघे पांढरेफटक. मग पंखांचा माणूस, काळ्या रेघांचा, प्रत्येक पीस वेगळं. ते पीस कोणी काढलं असेल, किती दिवस वाकून बसला असेल तो माणूस. आई डोळे बारीक करून तिकडेच बघत होती.

"अंशू," ती माझ्या कानाशी म्हणाली, "ते काळं भरतात कसं रे?"

"जुनं आहे..." माझ्या तोंडून निघत होतं. गिळलं. पुढे भजन चालू होतं, म्हणून तिच्याकडे वाकून सांगायला लागलो. आधी रेघ कोरायची. मग चांदी, तांबं, शिसं, गंधक एकत्र वितळवून त्याची पूड करायची. ती रेघेत भरायची आणि पुन्हा भट्टीत. मग वरचं घासून काढायचं, रेघेतलं तेवढं ठेवायचं. तिनं मधे दोन शंका विचारल्या. एकीचं उत्तर मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मान हलवली.

"एवढंच होतं होय," ती म्हणाली. "मग तेव्हाच सांगायचं की रे."